कुरळ्या केसांना दोष देण्यापूर्वी

सकाळी साडेसहाची वेळ. गॅसच्या एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला पोळीचा तवा. धाकट्याची पाण्याची बाटली सापडत नाहीये. आणि या सगळ्या गडबडीत पाटावर मान वाकडी करून बसलेली, रडकुंडीला आलेली मुलगी, नि तिच्या मागे हातात कंगवा घेतलेली आई. "हलू नकोस गं!" "आई, दुखतंय!" "दुखणारच! रात्री झोपतेस तरी कशी कोण जाणे!" शेवटी तेलाची बाटली उपडी होते, केस चापूनचोपून बसवले जातात, रिबिनी आवळल्या जातात आणि लेक डोळे पुसत शाळेला जाते. दुपारी परत येते तेव्हा कपाळाभोवती बारीक केसांची महिरप पुन्हा उभीच!

ज्या घरात कुरळ्या केसांची मुलगी आहे, तिथल्या आईला हे चित्र ओळखीचं वाटेल. ज्यांच्या घरी सगळ्यांचेच केस सरळसोट आहेत त्यांनी हे पान उलटून सरळ लोणच्याच्या कृतीकडे वळावं, माझी हरकत नाही. पण तुम्ही शिक्षिका असाल, कुणाची आत्या-मावशी असाल, किंवा मुलासाठी मुली बघायला निघाला असाल, तर मात्र थोडं थांबा. कारण या बाबतीत आपल्या हातून पाप घडतं, आणि ते घडलंय हे आपल्याला कळतही नाही. माझ्या हातून घडलं म्हणून सांगते.

मी बाळापूरला एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. पावसाळी हवा, प्रार्थनेची रांग. सातवीतली एक मुलगी उभी होती. दोन वेण्या होत्या, रिबिनी होत्या, सगळं नियमाप्रमाणे. पण वेण्यांमधून नि कपाळावरून केस असे पिंजारलेले, की जणू ती आत्ताच झोपेतून उठून आली असावी. मी पटकन बोलून गेले, "काय गं, घरात कंगवा नाही का? डोक्यावर सुगरणीचा खोपा बांधलायस!" रांग खो खो हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मधल्या सुट्टीत ती नळाखाली डोकं धरून केस ओले करताना दिसली. मला वाटलं, चला, बरं झालं, शिस्त लागली.

पुढचे दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्या कपाळावरचे केस मुळापासून कापलेले होते. वेडेवाकडे, कुठे अर्धा इंच, कुठे नुसती टाळू. घरातल्या कात्रीने तिने स्वतःच ते कापले होते.

दुसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. मला वाटलं भांडायला आली, म्हणून मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवली होती. पण ती बाई भांडली नाही. पदर सावरत म्हणाली, "बाई, रोज तेल लावून इचरतो जी आम्ही. तरी थे तसेच उभे राह्यतात. आता काय करू, तुमीच सांगा."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्यात हे कुठे शिकवलेलं नव्हतं. पण खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. माझे स्वतःचे केस कुरळे आहेत.

हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मीच विसरले होते. मला पाहायला पाहुणे येणार होते त्याच्या आदल्या रात्री मामीनं सांगितलं होतं, "उद्या केस मोकळे नको ठेवू व. पाव्हणे म्हणतीन पोरगी झिपरी हाय." तेव्हा वाटीभर तेल थापून जो घट्ट अंबाडा घातला तो आजवर फक्त न्हाणीघरातच सुटत होता. मधे एकदाच, दिराच्या लग्नाच्या वेळी, पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले होते, त्याची हकिगत पुढे येईलच. म्हणजे जी गोष्ट मी स्वतः बारा वर्षं लपवली, तीच त्या पोरीची उघडी पडली होती, आणि तिला हसणाऱ्यांत मी पहिली!

त्या दिवसापासून मी हा विषय धरून बसले. अकोल्याला त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना भेटले, वाचलं, चार कुरळ्या केसांच्या बायकांना विचारलं, आणि बाकी सगळे प्रयोग स्वतःच्या डोक्यावर केले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, कुरळे केस म्हणजे न विंचरलेले केस नव्हेत. त्यांची घडणच वेगळी. केस ज्या छिद्रातून बाहेर येतो ते छिद्र आणि त्याच्याखालची नळी सरळ असली की केस सरळ येतो. नळी वाकडी असली की केस वळत वळत येतो. सरळ केस मधेच कापून भिंगाखाली पाहिला तर तो बहुधा गोल दिसतो, कुरळा चपटा, लांबोळा दिसतो. ही नळी जन्मतःच ठरलेली असते, आईबापांकडून आलेली. तिला ना तेल बदलू शकत, ना वेणीचा आवळ. (माझी आजी म्हणायची, लहानपणी टक्कल केलं की केस सरळ येतात. माझं दोनदा केलं. केस आले ते पहिल्यापेक्षा वळसेदार!)

आता तुमच्या लक्षात येईल की तेल लावूनही असे केस कोरडे का. टाळूतून जो नैसर्गिक तेलकटपणा पाझरतो तो सरळ केसावरून घसरगुंडीसारखा टोकापर्यंत उतरतो. कुरळ्या केसावर त्याला प्रत्येक वळणावर अडखळावं लागतं. म्हणून मुळाशी चिकट नि टोकाला काथ्या, असा प्रकार होतो. कोरडा केस हवेतला ओलावा शोषून घेतो नि फुगतो. म्हणून पावसाळ्यात सर्वांत जास्त पिंजारतो. माझ्या विद्यार्थिनीची रांग जुलैतली होती, हे मला फार उशिरा उमगलं.

आणि आपण नेमकं काय करतो? असा कोरडा केस कोरडाच विंचरतो, तोही बारीक दातांच्या कंगव्यानं. कुरळ्या केसांच्या बटा म्हणजे एकमेकींच्या कुशीत शिरलेल्या केसांची जुडी. कोरडा कंगवा ती जुडी फोडतो, प्रत्येक केस सुटा उभा राहतो नि डोकं कापसाच्या बोंडासारखं फुलतं. म्हणजे जितकं विंचरावं तितका अवतार वाढतो! आई म्हणते, "नीट विंचर," मुलगी विंचरते, अवतार वाढतो, पुन्हा बोलणी. त्या माउलीनं मला जे सांगितलं, "रोज विंचरतो तरी उभे राहतात," त्यातला 'तरी' चुकीचा होता. रोज विंचरत होत्या म्हणूनच उभे राहत होते.

आता पाण्याचं बघू. हा भाग मुंबई-पुण्याच्या मासिकांत तुम्हाला सापडणार नाही, पण आपल्या वऱ्हाडात तो फार महत्त्वाचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला ठाऊकच आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला, आणि आमच्या बाळापूर तालुक्यातली कितीतरी गावं त्यात आहेत. विहिरीचं नि बोअरचं पाणी खारट, मचूळ. बादलीला पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. तेच पाणी आपण डोक्यावर घेतो. जड पाण्यातल्या क्षारांशी साध्या साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी दह्याच्या कवडीसारखा साका तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, केसांवर बसतो. सरळ केसावरून तो थोडाफार निघून तरी जातो. कुरळ्या केसांच्या वळणावळणांत तो घट्ट बसतो. मग केस चिकट, राठ, निस्तेज. त्यावर आपण आणखी तेल थापतो, आणि मग ते काढायला आणखी साबण!

म्हणून अंगाचा साबण डोक्याला मुळीच लावू नका. शांपूनं असा साका होत नाही, पण तोही सौम्य घ्यावा आणि फक्त टाळूला लावावा. केसांच्या लांबीला निघून जाताना मिळतो तेवढा फेस पुरे. आपल्या जुन्या शिकेकाईचं इथे कौतुक केलंच पाहिजे. शिकेकाईच्या शेंगेत नि रिठ्यात जो फेसाळ अंश असतो तो जड पाण्यातही साका धरत नाही. आज्या-पणज्या विहिरीच्या पाण्यावर लांबसडक केस सांभाळत होत्या त्याला असं कारण होतं. मात्र कुरळ्या केसांत शिकेकाईची पूड तशीच घालाल तर तिचे कण दोन दिवस निघणार नाहीत आणि नवऱ्याला वाटेल डोक्यात कोंडा झाला. शेंगा रात्री भिजवाव्या, सकाळी उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून नुसतं पाणी वापरावं. रिठा बेतानंच, तो केस कोरडे करतो. डोळे सांभाळा, ते सांगायला नकोच.

शेवटच्या तांब्यासाठी शक्य असेल तर गोडं पाणी राखून ठेवा. आम्ही पावसाळ्यात छपरावरची धूळ वाहून गेली की पागोळीचं पाणी पिंपात धरून ठेवतो. ज्या दिवशी त्या पाण्यानं न्हाते त्या दिवशी बटा अशा सुटतात की सासूबाईसुद्धा वळून बघतात. गोडं पाणी नसेल तर लिटरभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळून त्याचा शेवटचा तांब्या घ्यावा. टाळूला जखम, पुरळ असेल तर मात्र नको.

आता विंचरण्याची रीत. ती नेमकी उलटी आहे, म्हणून सुरुवातीला हात वळत नाही. केस ओले असताना, आणि त्यांना काही तरी बुळबुळीत लावलेलं असताना, रुंद दातांच्या कंगव्यानं किंवा नुसत्या बोटांनी गुंता सोडवायचा. बाजारचं कंडिशनर चालेल, किंवा भिजवून वाटून गाळलेली मेथी. सुरुवात टोकाकडून. चार बोटं खालचा गुंता सुटला की जरा वर, मग आणखी वर. मुळापासून ओढत आणलात तर सगळे गुंते खाली जमून एक मोठी गाठ होते आणि मुलगी किंचाळते. सरळ केस ओले विंचरू नयेत असं आपल्याला शिकवलेलं असतं, कारण ओला केस लवकर तुटतो. ते खरंच आहे. म्हणूनच तो बुळबुळीतपणा हवा आणि हात हलका हवा. एकदा केस सुकले की कंगवा कपाटात! पुढच्या न्हाण्यापर्यंत त्याचं काम नाही.

विंचरताना हातात केसांचा पुंजका आला तर घाबरू नका. दिवसाला पन्नास ते शंभर केस प्रत्येकाचेच गळतात. सरळ केसांचे ते रोज जमिनीवर पडतात, आपण झाडून टाकतो. कुरळ्या केसांत ते बटांमध्येच अडकून राहतात आणि आठवड्यानं एकदम हाती येतात.

टॉवेलनं खसाखसा पुसणं बंद. जुन्या सुती बनियनमध्ये किंवा धोतराच्या मऊ तुकड्यात केस खालून वर गोळा करून नुसते दाबायचे. नि मग आपल्या वऱ्हाडाची खरी देणगी, जवस!

जवसाची चटणी आपल्या घरात वर्षभर असते, पण जवस केसांनाही लागतो हे मला ठाऊक नव्हतं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. मध्यम आचेवर ढवळत ठेवायचं. सात-आठ मिनिटांत पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येऊ लागते. चमच्यावरून लोंबली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळायचं. इथेच सगळी मेख आहे. मी पहिल्या खेपेला पोळ्या लाटत बसले, गार होऊ दिलं, तर त्याची अशी खळ झाली की तीवर मुलानं दोन पतंग चिकटवले. दुसऱ्या खेपेला पातळ झालं. तिसऱ्या खेपेला जमलं. ओल्या केसांना हा बुळबुळीत रस तळहातावर घेऊन लावायचा, बटा मुठीत धरून हलकेच वर दाबायच्या आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस जरा कडक लागतात. तेव्हा पुन्हा मुठीत धरून सैल करायचे. बटा बटांसारख्या राहतात, पिंजारत नाहीत. डबी फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. वास आंबूस आला की फेकून द्यायची, जवस काही सोन्याच्या भावाचा नाही.

तेलाबद्दल मतभेद फार. मी खोबरेलाच्या बाजूची. मुंबईत रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशा तीन तेलांची तुलना होती, आणि केसांतली प्रथिनं धुपून जाणं खोबरेलानंच कमी झालं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हेही सांगून टाकते. पण खोबरेल केसाच्या आत शिरतं, हे कारण पटण्यासारखं आहे. ते न्हाण्याच्या आधी तासभर, किंवा रात्री, आणि जास्त करून टोकांना लावावं. न्हाल्यानंतर चापून तेल लावणं म्हणजे धूळ धरायला सापळा लावणं.

रात्री झोपताना केस डोक्यावर सैल गोळा करून बांधावेत आणि उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा टाकावा. सुती अभ्रा केसांना घासतो नि सकाळचा निम्मा गुंता तिथेच तयार होतो. माझी एक विटलेली पैठणी अखेर कामी आली.

आता पार्लरची हकिगत. दिराच्या लग्नाआधी मी केस सरळ करून घेतले तेव्हा त्या औषधाच्या वाफेनं माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. काम करणाऱ्या पोरीचेही डोळे लाल होते. लग्नात सगळ्यांनी वाहवा केली. तीन महिन्यांनी मुळाकडून माझे खरे कुरळे केस उगवू लागले आणि खाली नुसत्या सुतळ्या. जिथे दोन्ही जुळत होते तिथेच केस तुटत होते. कंगव्याला वीत-वीतभर तुकडे यायचे. सरळ करणारी तीव्र औषधं केसाच्या आतले बंधच तोडतात, तेव्हा दुसरं काय होणार! आणि केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे एका दिवसाच्या हौसेची भरपाई व्हायला दोन-तीन वर्षं.

पण केसांचं नुकसान हे त्यातलं लहान नुकसान. अशा बऱ्याच औषधांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात बुडवून ठेवतात त्या फॉर्मेलिनचाच हा भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवलं. अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांची सुमारे अकरा वर्षं पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. कधीच केस सरळ न करणाऱ्या स्त्रियांना सत्तर वर्षांपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण शेकडा १.६४, तर वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा सरळ करणाऱ्यांमध्ये शेकडा ४.०५ निघालं. यावरून औषधामुळेच होतो असं शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण मला तरी विचार करायला तेवढं पुरलं. "आमच्याकडे फॉर्मल्डिहाइड नसलेलं आहे" असं हल्ली सांगतात. त्यातल्या काहींत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ साली एका सव्वीस वर्षांच्या तरुणीची हकिगत प्रसिद्ध केली. तीनदा केस सरळ केले, तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तेव्हा लग्नसराईत कुणी "एकदाच करून घे" म्हणालं तर निदान बाटलीवरची अक्षरं वाचून घ्या, आणि गरोदरपणी, अंगावर पाजत असताना तर नकोच.

यावर मुली म्हणतात, सिनेमातल्या सगळ्यांचे केस सरळच असतात ना! सगळ्यांचे नाही. आपली मिथिला पालकर पाहा. आणि सिनेमाचंच कशाला, शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती तेव्हा पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या खांद्यावर उतरलेल्या काळ्याभोर बटा मी मुलींना दाखवल्या. बुद्धाच्या मूर्तींच्या डोक्यावरही शंखासारखी लहान लहान वळणंच कोरलेली असतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांना ते केस रूपवान वाटले. आपल्यालाच ते झिपरे केव्हापासून वाटू लागले कुणास ठाऊक!

कुरळ्या केसांना कसं हाताळावं हे न कळल्यानं काय होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गुंता वेळीच सुटला नाही, दुखतं म्हणून विंचरणं सोडलं, की तेल, धूळ नि केस एकमेकांत घट्ट बसून जट होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकच्या सीमेवर अशी जट म्हणजे देवीचं बोलावणं समजतात, ती कापली तर कोप होईल म्हणून बायका वर्षानुवर्षं किलोकिलोचं ओझं मानेवर वागवतात, काही पोरी त्यापायी देवीला सोडल्या गेल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांची समजूत घालून त्यांच्या जटा कापल्या आहेत. त्या स्वतः ब्युटी पार्लरच्या व्यवसायातल्या, म्हणजे केस हा त्यांचा विषयच. हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. पोलंडमध्येही एके काळी जट कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो असं मानत. क्राकूव शहरातल्या डॉ. युझेफ डीट्ल यांनी एकोणिसाव्या शतकात तो समज मोडायला कंबर कसली होती. डॉक्टरी पुस्तकांत जटेला आजही पोलंडच्या नावानंच ओळखतात. तुमच्या ओळखीत कुणाच्या डोक्यात जट धरू लागली असेल तर ती कोवळी असतानाच तेलात भिजवून बोटांनी सोडवता येते, हे तिला सांगा.

राहता राहिली शाळा. शिस्त हवी, केस बांधलेले हवेत, उवांचा त्रास आम्हा शिक्षिकांना माहीत आहे. पण बांधलेले केस आणि सपाट केस यात फरक आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या एका शाळेत २०१६ साली काळ्या मुलींनी आपल्या नैसर्गिक केसांसाठी निदर्शनं केली होती. त्यांच्या केसांना शाळेचे नियम अव्यवस्थित ठरवत होते. त्यानंतर तो नियम स्थगित झाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं तर २०१९ साली केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करू नये असा कायदाच केला. आमच्या शाळेत कायदा वगैरे काही झाला नाही. अर्धवेळ शिक्षिकेचं ऐकतं कोण! पण मुख्याध्यापिकाबाईंना मी एवढं पटवलं की दोन वेण्या असल्या म्हणजे पुरे, वेणीबाहेर आलेल्या बटांवरून कुणी मुलीला रांगेत बोलायचं नाही. वेणीही सैल चालते. फार आवळून रोज वेणी घातली तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे मागे हटतात, हे त्यांना स्वतःच्या कपाळावरून पटलं असावं.

आणि ती मुलगी? तिला हसले होते रांगेत, म्हणून माफीही रांगेतच मागितली. फार कठीण गेलं. आवाज फुटेना, पोरं टकामका बघत होती. त्या दिवशी मी अंबाडा घातला नव्हता, पाठीवर सैल वेणी आणि कपाळावर माझ्या बटा, जशा आहेत तशा. नंतर तिच्या आईला घरी बोलावून गॅसजवळ उभं करून जवस उकळून दाखवला. तार कशी ओळखायची ते तिला माझ्याआधी कळलं. गावाकडे ती भेंडीची भाजी रोज करते, तार तिच्या हाताची!

यंदा ती मुलगी नववीत आहे. कापलेले केस कानाच्या खाली आलेत. आमची फारशी मैत्री झाली असं म्हणणार नाही. ती मला अजून जरा दुरूनच नमस्कार करते आणि ते तिचं बरोबरच आहे. मागच्या आठवड्यात मात्र मधल्या सुट्टीत आपणहून आली. म्हणाली, "बाई, आमच्या घरी फ्रीज नाही. जवसाचं ते किती दिवस राह्यतं?"

"थंडीत दोन दिवस," मी म्हटलं. "उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवायचं. म्हणून वाटीभर नको करू, चमचाभरच जवस घे."

"मग पाणी किती घेऊ?"

"चमच्याला आठ चमचे."

तिनं हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून घेतलं आणि पळाली.